‘न्हाय’ म्हणून लिहून द्या की!

आमच्या जिल्ह्यात माणूस तोंडावर शिवी घालेल, पण तोंडावर ‘नाही’ म्हणणार नाही. कर्ज मागायला आलेल्याला तर मुळीच नाही. त्याला ‘बसा की पावणं’ म्हणतील, चहा पाजतील, पोराबाळांची चौकशी करतील, दारापर्यंत सोडायलाही येतील. बिचारा गल्लीच्या तोंडाशी पोचतो तेव्हा त्याच्या ध्यानात येतं, की अरेच्चा, कर्ज काही मिळालेलं नाही.

ही कला मी तीस वर्षं जवळून पाहिली. गावोगावच्या विकास सोसायट्यांचे कागद तपासायचे, तक्रार आली की चौकशीला जायचं, ही माझी नोकरी. खात्याचं नाव लिहीत नाही. पेन्शन चालू आहे आणि ती चालू राहावी, एवढीच आता माझी महत्त्वाकांक्षा आहे.

सोसायटी म्हटल्यावर शहरातल्या वाचकांनी पार्किंगची भांडणं डोळ्यांपुढे आणू नयेत. गावची सोसायटी वेगळी. पिकासाठी स्वस्त व्याजाचं कर्ज जिल्ह्याहून निघतं आणि गावात सोसायटीमार्फत वाटलं जातं. खतही तिथंच उधार मिळतं. पण त्यासाठी आधी सभासद व्हावं लागतं, आणि कुणाला सभासद करायचं हे गावातलीच दहा-बारा पंचमंडळी ठरवतात. म्हणजे ज्यांच्याशी बांधावरून भांडण, तीच माणसं. काही गावांत काही वस्त्यांमधली माणसं तीन-तीन पिढ्या सभासद होतच नाहीत. कायद्यात अशी आडकाठी नाही. सोसायटीच्या दप्तरातही ती सापडायची नाही. कारण अर्ज घेतला तर पोच द्यावी लागते, पोच दिली तर निर्णय घ्यावा लागतो आणि नकार दिला तर कारण लिहावं लागतं. त्यापेक्षा अर्ज हातातच घ्यायचा नाही. फॉर्म संपलेत, पुढच्या महिन्यात या, चेअरमन बाहेरगावी आहेत. झालं काम.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष उगवलं आणि सरकारला या माणसांची आठवण झाली. जात बघून किंवा बाईमाणूस म्हणून ज्यांना कर्जापासून लांब ठेवलं, अशा शेतकऱ्यांना एकरकमी मदत द्यायची, परत मागायची नाही, अशी योजना आली. आदेश वाचताना मी खूश. तिसऱ्या अटीपर्यंत खूशच होते. चौथी अट वाचली आणि टेबलावर कपाळ टेकलं. ‘कर्ज अथवा सभासदत्व नाकारल्याचा, संस्थेने किंवा सक्षम अधिकाऱ्याने कारणासह दिलेला लेखी पुरावा जोडावा.’ हे लिहिणाऱ्या साहेबांनी जन्मात सोसायटीची पायरी चढलेली नसणार. चोराकडून चोरीची पावती घेऊन या, असं सांगण्यातला हा प्रकार.

योजनेची जबाबदारी अर्थातच माझ्या गळ्यात पडली. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात पहिला अर्ज घेऊन आली ती सुशीला कांबळे. नेसरीच्या पलीकडच्या एका गावची. तिकडं कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळं सगळे तिला अक्का म्हणत. पुढं मीही म्हणायला लागले. साठीची बाई, पायात रबरी चपला, हातात साडीच्या दुकानाची पिशवी. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसली, आणि अशी बसली की मी ओळखलं, ही काम झाल्याशिवाय उठायची नाही.

“अर्ज भराय आलो,” ती म्हणाली. (आमच्याकडच्या बायका आलो-गेलोच म्हणतात. मीही घरी तशीच बोलते. कागदावर तेवढी आले-गेले.)

“सोसायटीनं काही लेखी दिलंय का?”

“च्या दिलाय.”

“लेखी म्हणतेय मी, मावशी.”

“पंधरा-सोळा वरसं च्याच दिलाय, म्याडम. आता साखरंची भीती वाटाय लागलीया.”

मग तिनं सगळं सांगितलं. नवऱ्यामागं दीड एकर रान तिच्या नावावर होतं, नदीपासून हाकेच्या अंतरावर. तिन्ही बाजूंना ऊस, आणि मधे हिचा भुईमूग आभाळाकडं तोंड करून. शेजारच्या सहा जणांनी मिळून नदीवरून पाइपलाइन आणायचं ठरवलं होतं. ती हिच्या बांधाकडेनंच जाणार होती. पाडव्यानंतर जेसीबी येणार, चर खोदून पाइप पुरणार. त्याआधी हिस्सा भरला तर अक्काच्या रानाला व्हॉल्व्ह मिळणार. चर बुजल्यावर मात्र कोण पुन्हा उकरतंय? सोसायटीचं दार बंद, घरात रोख नाही. ही मदत मिळाली तरच पाणी, नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या पाण्याचा आवाज ऐकत बसायचं. अर्जाची मुदत मार्चअखेर होती.

“पुरावा लागतोय,” मी म्हटलं. “मी बघते.”

“बघा,” ती म्हणाली आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघून निघून गेली. मी म्हटलं, बाई गावंढळ आहे, ऑफिसला बुजली असेल. माझ्या शहाणपणाची ही पहिली हद्द.

दोन दिवसांनी मी त्या गावात. सोसायटीचे सेक्रेटरी आप्पा. पांढरा झब्बा, पांढरी विजार, खिशाला तीन पेनं आणि अक्षर असं की लग्नपत्रिका छापायला द्यावी. त्यांनी स्वतः उठून माझी खुर्ची पुसली.

“म्याडम, आमच्या सोसायटीनं आजवर एकबी अर्ज नामंजूर केल्याला न्हाय,” आप्पांनी रजिस्टर माझ्यापुढं उघडलं. “ह्यो रकाना बघा. कोरा हाय. शप्पत.”

खरंच कोरा होता. इतका प्रामाणिक खोटेपणा मी क्वचितच पाहिला.

“सुशीला कांबळेंचं काय?”

“त्यांचा अर्जच आलेला न्हाय की. येत्यात, बसत्यात, च्या पित्यात, जात्यात. लई गोड बाई हाय.”

“त्यांना चेअरमन कधी भेटत नाहीत म्हणे.”

“चेअरमन वाडीला असत्यात. दत्ताचं येड हाय त्यास्नी.”

अक्का जेव्हा जेव्हा गेली, तेव्हा तेव्हा चेअरमन नरसोबाच्या वाडीला गेलेले असत. पावसाळ्यात देवळात पाणी शिरून देव वर हलवला, तेव्हाही चेअरमन दर्शनाला गेलेले होते. पोहत गेले असतील.

निघताना आप्पांनी आवाज खाली आणला. “तुमी कदम. म्हंजे आपल्यातल्याच. तुमास्नी काय सांगायचं? त्या वस्तीतल्या एकाला आत घेटलं की समदी येत्यात. पंच तयार न्हाईत.”

इथं मी दोन शब्द सुनवायला हवे होते. मी हसले. कामासाठी हसले, असं मी स्वतःला समजावलं. पण आज लिहिताना त्या हसण्याची लाज वाटते, हे सांगून टाकते.

लाज मागून वाटली. त्या क्षणी माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. आप्पांना पैशाचा मोह नव्हता, पण मोठेपणाचा होता. आणि शेजारच्या गावाशी त्यांचं हाडवैर. जत्रेतल्या कुस्तीपासून ते दुधाच्या फॅटपर्यंत सगळ्यात चढाओढ.

“आप्पा, वाईट वाटतं हो,” मी दारातून मागं वळले. “यंदा आदर्श सोसायटीचं बक्षीस शेजारच्या गावाला जाणार.”

“कोण म्हंतंय?”

“त्यांनी अकरा अर्ज नामंजूर केलेत. कारणासकट यादी दिलीय. त्यावरून छाननी किती कडक आहे ते वरच्यांना कळतं. तुमचा रकाना कोरा. वर वाटणार, इथं येईल त्याला कर्ज वाटतात.”

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. शेजारच्या गावानं यादी दिली नव्हती, आणि बक्षिसाचं तर मी तिथंच दारात उभी राहून बनवलं. आप्पांचा चेहरा लाल झाला.

“आठ दिसात यादी देतो,” ते म्हणाले. “तोंडी न्हाय म्हणून लई जणास्नी घालीवलंय आमी! लिवलं न्हाई, एवढंच.”

“मग आता लिहा,” मी म्हटलं.

आठव्या दिवशी मी हजर. आखीव कागद, लाल समास, सही, गोल शिक्का. मी घाईघाईनं अक्काचं नाव शोधलं. चौथ्या ओळीत होतं, आणि पुढं कारण, मोत्यासारख्या अक्षरात: ‘त्या वस्तीतील असल्याने पंच तयार नाहीत.’ माझ्या अंगावर काटा आला आणि हसूही आलं. यादी पर्समध्ये घातली, गडहिंग्लजच्या स्टँडवर भडंगाची पुडी घेतली आणि एसटीत खिडकीशी बसून एकटीच हसत खाल्ली. तीस वर्षांत इतक्या झोकात कुणाला शेंडी लावली नव्हती.

दुसऱ्या दिवशी यादी साहेबांपुढं ठेवली. आमचे साहेब छाननी समितीचे प्रमुख, कमी बोलणारे. त्यांनी यादी वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली.

“कदमबाई, तुम्ही ही शेवटपर्यंत वाचलीत?”

मी चौथ्या ओळीच्या पुढं गेलेच नव्हते.

“यात एकतीस नावं आहेत,” साहेब म्हणाले. “त्यात बावीस पाटील. हा नववा तर त्याच सोसायटीचा संचालक आहे. म्हणजे यानं स्वतःलाच नाकारलं? आणि हा बघा, याच्या नावामागं ‘कै.’ आहे. कारण: वर्तणूक समाधानकारक नाही.”

“साहेब, पण कांबळेंच्या पुढं जे कारण लिहिलंय…”

“तेच कारण पुढच्या सहा पाटलांनाही लावलंय. खाली-वर ‘वरीलप्रमाणे’ करत गेलाय हा माणूस. या सोसायटीनं अख्खा गाव नाकारलाय, बाई! सगळ्यांना सारखा न्याय. भेदभाव कुठाय यात?”

मी आप्पांना फोन लावला. पलीकडून विजयी आवाज आला, “म्याडम, त्यांचे अकरा न्हवं? घ्या आमचे एकतीस! बक्षीस कवा हाय?”

करायला गेले गणपती, झाला मारुती. चूक आप्पांची नव्हती. चढाओढ मीच लावून दिली होती आणि आमच्याकडचा माणूस चढाओढीत कधी अकराला बारा करून थांबत नाही, हे कोल्हापुरात जन्मून मला कळायला हवं होतं.

मुदतीला दोन दिवस राहिले होते. अक्काला फोन करून खरं काय ते सांगितलं. मला वाटलं रडेल, नाहीतर शिव्या देईल. ती एवढंच म्हणाली, “येतो उद्या.”

सकाळी ऑफिस उघडायच्या आधी ती व्हरांड्यात बसलेली. मी कुलूप काढलं, पंखा लावला. तिनं त्या साडीच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला आणि माझ्यापुढं सरकवला.

“ह्ये चालतंय का बघा.”

तालुक्याच्या ऑफिसचं जुनं पत्र होतं, घडीवर विरलेलं. पंधरा वर्षांपूर्वी अक्कानं सोसायटी सभासद करून घेत नाही अशी तक्रार केली होती, तिला आलेलं उत्तर. ‘संस्थेकडे चौकशी केली असता, अर्जदार बौद्ध वस्तीतील असल्याने परतफेडीची खात्री वाटत नाही, असे संस्थेने तोंडी कळविले आहे. सबब सभासदत्वाची विनंती मान्य करता येत नाही. आपला तक्रार अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ कारण होतं. नकार होता. शिक्का होता. जावक क्रमांक होता. यापेक्षा चोख पुरावा देवानंही लिहून दिला नसता.

खाली सही होती. मं. रा. कदम.

मी. मंगल रामचंद्र कदम. तेव्हा मी तालुक्याच्या ऑफिसात होते, नवीन नवीन सहीचा अधिकार मिळाला होता. दिवसाला तीस-चाळीस तक्रारी निकाली काढायचे आणि संध्याकाळी टेबल मोकळं झालं की मला फार कर्तबगार वाटायचं. कुणा सेक्रेटरीला फोन लावला असेल, तो जे बोलला ते शुद्ध मराठीत उतरवलं असेल आणि सही ठोकली असेल. ते वाक्य लिहिताना माझा हात थांबला नव्हता. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती पत्रात. जे आप्पांनी इतकी वर्षं लिहिलं नाही, ते मी एका दुपारी लिहून दिलं होतं. काखेत कळसा म्हणतात तो हा, आणि मी गावाला वळसा घालून भडंग खात आले होते.



“अक्का, तुम्हाला माहीत होतं ही मीच म्हणून?”

“तर! तवा तुमच्या टेबलाम्होरं तीनदा उभारलो हुतो की. तुमी बारीक हुतासा तवा.”

“मग पहिल्याच दिवशी का नाही दाखवलं?”

“लई इचार केला. दावलं तर तुमी लाजून काम करशीला का लाजून कागूदच गायब करशीला, ह्येचा अंदाज लागंना. म्हटलं, आधी बाई कशी हाय ती बघावी.”

“आणि?”

“खोटं बोलून आप्पाला नादाला लावलासा न्हवं? गावात समद्यास्नी कळलं त्ये. तवा म्हटलं, चालंल.”

मी आप्पांना जोखत होते आणि ही माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून मला जोखत होती. मी माफी मागितली. नीट मागितली, उठून उभी राहून. ती म्हणाली, “बसा, बसा. मुदत उद्या हाय.”

आता खरं सांगते. निवृत्तीला चार महिने होते. असं पत्र जोडलं की चौकशी लागणार, पेन्शनचे कागद अडणार, हे मला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं. मोह झाला. म्हणावं, हा कागद फार जुना आहे, अक्षर पुसट आहे. कागद गायब न करता माणूस गायब करायच्या किती पद्धती असतात, त्या मला पाठ होत्या. माझ्यावर माझा भरवसा नव्हता, म्हणून मी पहिलं काम केलं ते म्हणजे तिला पोच दिली. अर्ज मिळाला, सोबत मूळ पत्र जोडले, तारीख, सही, शिक्का. मग शांतपणे फॉर्मचा रकाना भरला. नकार देणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं लिहिताना अक्षर जरा वाकडं आलं.

साहेबांनी कागद बघितला आणि दार लोटून घेतलं.

“कदमबाई, वेड लागलंय का? चार महिने राहिलेत. हे पत्र काढून ठेवा, दुसरा काही मार्ग बघू.”

“साहेब, पोच दिलीय.”

पोच दिलीय या शब्दांपुढं आमच्या खात्यात ब्रह्मदेवाचंही चालत नाही.

अक्काची मदत मंजूर झाली, आणि जेसीबी यायच्या आदल्या आठवड्यात पैसे तिच्या खात्यावर आले. तिच्याशिवाय आमच्याकडं आणखी दहा अर्ज होते, दहाही खरे. त्यांना कुणीच काही लिहून दिलेलं नव्हतं. त्यांचे अर्ज ‘पुराव्याअभावी नामंजूर’ झाले, आणि तशी पत्रं त्यांना आमच्याच ऑफिसातून गेली, सही-शिक्क्यासकट. म्हणजे आयुष्यातला पहिला लेखी नकार त्यांना योजनेनंच दिला. त्या दहा पत्रांवर सही करायची पाळी माझ्यावर आली नाही, साहेबांनी केली. पण पाकिटं मीच चिकटवली, आणि ते दहा चेहरे अजून मला आठवतात.

मला कारणे दाखवा नोटीस आली. मी उत्तर लिहिलं: ‘पत्र माझेच आहे. कारण काही नाही.’ एक सक्त ताकीद आणि सात महिने अडकलेली पेन्शन, एवढ्यावर भागलं. आप्पांच्या दप्तरात मात्र डाग नाही. सोसायटीनं आजवर कुणाला सभासदत्व नाकारल्याचा ग्राह्य पुरावा आढळत नाही, असा अहवाल आहे. त्यांनी मध्यंतरी मला बक्षिसाबद्दल पुन्हा विचारलं. मी म्हटलं, चेअरमन बाहेरगावी आहेत.

पाणी सोडायच्या दिवशी अक्कानं बोलावलं. मी नको म्हणत होते, तिनं ऐकलं नाही. पाइपलाइनचे सहा भागीदार, त्यांच्या घरच्या बायका, वस्तीतली माणसं, सगळी बांधावर जमलेली. अक्कानं व्हॉल्व्हचं चाक फिरवलं. आधी नुसती हवा फुसफुसली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. सरीतून पुढं जाणाऱ्या पाण्याबरोबर अक्का अनवाणी चालत गेली, पार टोकापर्यंत, आणि परत आली. डोळे भरलेले होते तिचे. मग तिनं माझा दंड धरला आणि मला सगळ्यांपुढं उभं केलं.

“ह्या कदम म्याडम,” ती मोठ्यांदा म्हणाली, “ह्यांचं लई उपकार झालं. इतकी वरसं फिरलो, एवढ्या लोकांच्या पाया पडलो, पर कुणाची छाती झाली न्हाय. न्हाय म्हणून लिवून दिलं, त्ये फकस्त ह्या बाईनं.”

तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला कुठं बघावं ते कळेना.